शेंदराचा सांधा

माझ्या वरच्या ओळीतला पुढचा एक दात नाही. लोकांना वाटतं, म्हातारपणाने पडला. पडला कसला, पाडला! भोईवाड्याच्या आमच्या चाळीत जयराम मिस्त्री म्हणून एक फिटर राहायचा, त्याने पाडला. तोसुद्धा मी त्याच्या भल्याचं सांगत असताना. दाताचा डॉक्टर दर खेपेला म्हणतो, आजोबा, खोटा दात बसवून टाकू. मी बसवत नाही. का बसवत नाही ते सांगायचं तर मिस्त्रीपासून सुरुवात करावी लागेल, आणि मिस्त्रीबद्दल थोडक्यात सांगणं मला जमत नाही.

तेव्हा जुनं शतक संपायला आलं होतं. मी तारऑफिसात कारकून होतो, नुकतं लग्न झालेलं, अंगावर अल्पाकाचा कोट, आणि आपल्याला जगातलं सगळं कळतं अशी समजूत. चाळीत मला सगळे तारमास्तर म्हणत. मिस्त्री मला त्याच्या सावंतवाडीकडच्या बोलीत ‘मास्तरानू’ म्हणायचा. मारतानासुद्धा त्याने ‘मास्तरानू’च म्हटलं होतं, एवढा मान मात्र त्याने राखला.

डिलाईल रोडवरच्या एका गिरणीत तो इंजिनखात्याचा मुख्य फिटर होता. उंची बेताची, मान जवळजवळ नाहीच, आणि मनगटं माझ्या पोटरीएवढी. डाव्या हाताची दोन बोटं दातेरी चाकाने नेलेली. उरलेल्या तीन बोटांची चपराक पाच बोटांपेक्षा जास्त लागते, असं आमच्या मजल्यावरचे अनुभवी लोक सांगत. या माणसाचा हात आधी चालायचा, तोंड मागाहून. नळावर बायकांच्या हंड्यांना धक्का मारून पुढे घुसलेल्या एका दांडगटाला त्याने मानगुटीला धरून हौदात बुडवला, वर काढला, परत बुडवला. चौथ्या खेपेला तो गडी निळा पडायला लागला तेव्हा आम्ही तिघांनी मिळून मिस्त्रीला ओढून काढला. त्या गडबडीत माझ्या कोटाची बाही खांद्यापासून फाटली. मिस्त्री शांतपणे म्हणाला, “मरूचो नाय तो. मी मोजी होतंय.”

पण हा माणूस इंजिनाजवळ उभा राहिला की वेगळाच दिसायचा. एकदा मी कामानिमित्त गिरणीत गेलो असताना पाहिलं. त्याने एक लोखंडी सळई घेतली, तिचं एक टोक दातांत धरलं, दुसरं इंजिनाला टेकवलं, दोन्ही कानांत बोटं घातली आणि डोळे मिटले. इंजिनाच्या पोटातला आवाज दातांवाटे डोक्यात येतो म्हणे. पाच मिनिटं तसा उभा. मग सळई काढून, ओठ पुसून, मदतनिसाला म्हणाला, “उजवीकडच्या तिसऱ्या सांध्यात बघ.” तिथेच वाफ गळत होती.

गळणं हा त्याचा ध्यास होता. जगात जे काही बिघडतं ते कुठून तरी गळतं म्हणूनच बिघडतं, अशी त्याची पक्की खात्री. आमचा पहिला मुलगा जन्मला तेव्हा रात्रंदिवस रडायचा. मिस्त्री दारात आला, पोराकडे डोळे बारीक करून बघितलं आणि मला विचारलं, “खंय गळता?” माझी बायको हसून हसून बेजार झाली. तिला तेवढ्या दिवसांत हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं, म्हणून मीही राग गिळून हसलो.

गळती थांबवायचा त्याचा उपाय एकच, शेंदूर. वाफेच्या नळ्या एकमेकींना जोडताना फिटर लोक सांध्यात तागाचे धागे आणि अळशीच्या तेलात मळलेला शेंदूर भरतात. वाळला की दगड होतो. सगळेच भरतात, पण मिस्त्री भरायचा तो दुप्पट, तिप्पट. त्याने जोडलेला सांधा लांबून ओळखू यायचा, चहूबाजूंनी लाल ओघळ आलेले. शेंदराचा डबा घरी देवाच्या फळीवर असायचा. सकाळी आंघोळ झाली की एक बोट त्यातलं मारुतीच्या तसबिरीला, आणि मग तोच डबा काखेत मारून गिरणीत. देवाला वेगळा आणि इंजिनाला वेगळा शेंदूर असतो, हे त्याला कुणी सांगितलं असतं तर त्याचाही दात गेला असता.

हे दुप्पट-तिप्पट भरणं कुठून आलं ते मला पुष्कळ उशिरा कळलं. ते हसण्यासारखं नाही.

त्याचा धाकटा भाऊ होता, सखाराम. त्याच इंजिनखात्यात तेलवाला. मी सांगतोय त्याच्या नऊ वर्षं आधीची ही गोष्ट. मुख्य नळीचा एक सांधा उखडला होता. मिस्त्रीने तो नव्याने भरला आणि साहेबाला सांगितलं, उद्यापर्यंत वाळू दे. तेव्हाचा इंजिनिअर साहेब म्हणाला, गिरणी बंद ठेवून चालणार नाही, आत्ता वाफ सोडा. मिस्त्रीने सोडली. सखाराम तेलाची झारी घेऊन बरोबर खाली उभा होता. सांधा फुटला. उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तशी त्याच्या अंगाची कातडी हातात आली, असं ज्यांनी त्याला उचललं ते सांगत. तीन दिवस तो हॉस्पिटलात ओरडत होता. तिसऱ्या दिवशी आवाज बसला, आणि संध्याकाळी सखाराम गेला.

त्याची बायको पार्वतीवहिनी तेव्हा वीस-बावीस वर्षांची. प्रेत घरी आणलं तेव्हा तिने दिराला एकच विचारलं, “सांधो कोणी भरललो?”

“मिया,” मिस्त्री म्हणाला.

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. एकाच खोलीत राहत होती, त्याचं जेवण करत होती, ताट वाढून पुढ्यात सरकवत होती, त्याचे तेलकट कपडे आपटून आपटून धूत होती. पण शब्द नाही. नऊ वर्षं! माझी बायको माझ्याशी नऊ तास बोलली नाही तर मला जेवण जात नाही. मिस्त्री ते ताट पुढ्यात घ्यायचा, खाली मान घालून जेवायचा, आणि बाहेर येऊन पहिला जो दिसेल त्याच्यावर भडकायचा. चाळीने इतकी वर्षं जो मार खाल्ला तो खरं म्हणजे कुणाचा होता, ते मला हळूहळू उमगलं.

आता त्याचं गिरणीतलं काम कसं सुटलं ते सांगतो. नवा साहेब आला होता. परत तोच प्रसंग. सांधा भरलेला, ओला, आणि साहेब म्हणतो, वाफ सोड. मिस्त्रीने हात जोडले. हो, मिस्त्रीने हात जोडले, बघणाऱ्यांनी मला शपथेवर सांगितलं. साहेब हसला आणि स्वतःच झडपेच्या चाकाकडे निघाला. मिस्त्रीने दोन हात लांबीचा पाना उचलला आणि साहेबाच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज इंजिनाच्या आवाजावरून ऐकू आला म्हणे. साहेब खाली पडला तरी हा मारतच होता. चौघांनी धरला तेव्हा थांबला. तीन महिने सक्तमजुरी झाली. सुटून आला तेव्हा परळपासून भायखळ्यापर्यंत एकही गिरणी त्याला फाटकाच्या आत घेईना. इंजिनाजवळ जायची बंदी म्हणजे त्या माणसाला हवाच बंद केल्यासारखं झालं. दिवसभर ओट्यावर बसायचा आणि लांबून येणारे गिरण्यांचे भोंगे ऐकत मुठी वळायचा. गावाला परत जावं, तर तिथे इंजिन कुठलं? भाताच्या खाचरात याने काय ऐकायचं?

अशा वेळी गिरगावातल्या एका शेठची विलायती गाडी आली. दोन चाकांची सायकल आणि तिच्या पोटात इंजिन! आज रस्त्यावर फटफट्या धावतात, तेव्हा तसली वस्तू आम्ही चित्रातही पाहिली नव्हती. शेठने हौसेने मागवली, आठवडाभर फिरवली, आणि एके दिवशी ट्रामच्या घोड्यावर घातली. घोड्याने लाथा झाडून गाडीचा चुराडा केला, शेठची मांडी मोडली. वर्षभर ती तबेल्यात गंजत पडली होती. मिस्त्रीच्या कानावर हे आलं तसा तो चालत गिरगावात गेला. शेठच्या मुनिमाने बोली केली. दसऱ्याला शेठच्या घरी घोड्यांची आणि बग्ग्यांची पूजा असते, त्या पूजेला ही गाडी स्वतःच्या जोरावर चालत आली पाहिजे. आली तर शेठच्या पदरी कायमचा फिटर. नाही आली तर गाडी परत, आणि पुन्हा दारात उभं राहायचं नाही.

बैलगाडीतून ते भंगार आमच्या चाळीत आलं. मिस्त्रीने खोलीत गोणपाट पसरलं आणि इंजिनाचा स्क्रू न् स्क्रू सुटा केला. पंचवीस दिवस! वाकलेलं सरळ केलं, तुटलेलं घडवलं, गंज रॉकेलने धुतला, झडप वाळूने घासून घासून बसवली. पार्वतीवहिनी चुलीपाशी सरकून स्वयंपाक करायची, आणि त्या पसाऱ्यातून पाय न लागू देता वाट काढायची. शेवटी सगळं जोडलं. जोडताना अर्थातच प्रत्येक सांध्यात ताग आणि शेंदूर. यंत्र कुठलं आहे, त्यात वाफ आहे की नाही, याचा प्रश्नच नाही. त्या विलायती गाडीला रस्त्याकडेच्या म्हसोबाची कळा आली.

दसऱ्याला नऊ दिवस होते. मिस्त्री गाडीवर बसला, सायकलीसारखे पायटे मारत चाळीच्या अंगणात फिरला, आणि इंजिन काही बोलेना.

दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. चाळीला फुकटचा तमाशा. हा घामाने निथळत अंगणात गोल गोल फिरतो आहे, आणि इंजिनातून नुसतं फुस्स, फुस्स. मग उतरायचा आणि तपासायला बसायचा. तेल येतं का? येतं, वास नाकात भिनला होता. दाब धरतं का? भोकावर अंगठा ठेवला तर अंगठा उडतो, म्हणजे धरतं. झडप वेळेवर उघडते का? उघडते. राहिली ती ठिणगी. इंजिनाच्या डोक्यात मेणबत्तीएवढी एक खुंटी बसते, मध्ये चिनी माती आणि भोवती लोखंड. बॅटरीतून तिला तार येते, तिच्या टोकाला ठिणगी पडते, आणि त्या ठिणगीने आतलं तेल पेटतं. मिस्त्रीने खुंटी बाहेर काढली, इंजिनाच्या लोखंडावर आडवी ठेवली, चाक फिरवलं. चट्! चांगली निळी ठिणगी. पुन्हा ताग गुंडाळला, शेंदूर भरला, खुंटी आत पिळून बसवली. इंजिन ढिम्म.

“भायर काढलंय की पेटता, आत घातलंय की मरता,” तो दात ओठ खाऊन म्हणाला. “माका फसवता मेला!”

आणि त्याने पायातली वहाण काढून इंजिनाला बडवायला सुरुवात केली. हसू नका. मीही गॅलरीतून हसलो होतो, आणि त्याने खालून माझ्याकडे जे बघितलं त्यानंतर मी आत जाऊन पाणी प्यालो. सहाव्या दिवशी त्याचा मार इंजिनावरून माणसांवर आला. ‘काय मिस्त्री, दसऱ्याला बैल जोडायचे काय?’ असं विचारणाऱ्या खालच्या मजल्यावरच्या एका विणकऱ्याचा जबडा त्याने निखळवला. तो पुढे महिनाभर पेज पीत होता. त्याच संध्याकाळी एका उलट्या झटक्याने पायटा फिरला आणि मिस्त्रीच्या स्वतःच्याच नडगीचं मांस हाडापर्यंत सोललं गेलं. त्याने त्यावर चिंधी बांधली आणि परत गाडीवर बसला. चिंधीतून रक्त ठिबकत अंगणात एक वाटोळी रेघ उमटली होती.

पार्वतीवहिनी दारात उभी राहून ती रेघ बघत होती. सकाळी तिने ती सारवून टाकली.

मला खरोखर वाईट वाटत होतं. आणि ती ‘बाहेर पेटते, आत मरते’ ही गोष्ट माझ्या डोक्यात फिरत होती. ऑफिसात बसल्या बसल्या एकदम लखकन उजेड पडला. आमच्या तारेचंही तेच की! बॅटरीतून निघालेला प्रवाह तारेतून जातो, पण त्याला परत यायला वाट लागते. आमच्याकडे तो जमिनीतून परत येतो. एकदा ऑफिसात रंगारी आला आणि त्याने जमिनीकडे जाणाऱ्या तारेचा पेच सोडवून, रंगवून परत बसवला. पेचाला रंग काय लागला, अख्खी लाइन मुकी झाली. लोखंडाला लोखंड उघडं भिडायला हवं. मिस्त्रीची खुंटी बाहेर इंजिनावर ठेवली की लोखंडाला लोखंड भिडत होतं, म्हणून ठिणगी. आत बसवताना हा तिच्या आट्यांभोवती बोटभर ताग आणि शेंदूर चोपडत होता. परतीची वाट त्याने स्वतःच्या हाताने लिंपून टाकली होती!

मी धावत घरी आलो. दसरा तीन दिवसांवर होता. मिस्त्री ओट्यावर खुंटीला शेंदूर भरत बसला होता, शेजारी पाना. मी धापा टाकत सगळं सांगितलं आणि वर शहाणपणाने म्हटलं, “बाकीचे सांधे राहू देत, मिस्त्री. एवढ्या एकाचा शेंदूर खरवडून टाका. शेंदराशिवाय बसवा, लगेच सुरू होईल.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मी मूर्ख, मला वाटलं पटतंय.

“शेंदराशिवाय,” तो म्हणाला. “उघडो सांधो.”

“हो ना!”

“मास्तरानू,” तो म्हणाला, आणि पाना धरलेल्या मुठीची उलटी बाजू माझ्या तोंडावर आली. मी ओट्यावरून खाली, तोंडात रक्त, आणि जिभेवर काहीतरी टणक. तो माझा दात. वरून बायको किंचाळत आली. मिस्त्री तिथेच उभा होता. मारलं त्याने आणि कापत होता तो, हे मी त्या अवस्थेतही पाहिलं.

माझा भयंकर संताप झाला होता, उगाच मोठेपणा कशाला सांगू. फिर्याद द्यायची म्हणून रात्रभर तळमळत होतो. सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर हळदीच्या पानात गुंडाळलेला एक ताजा, हातभर रुंद सरंगा. आमच्या घरात मासे चालतात, नशीब. बायको म्हणाली, “हा त्यांनीच ठेवलाय, दुसरं कोण?” सुजलेल्या तोंडाने मला त्यातला घासभरही खाता आला नाही. पण फिर्याद द्यायची राहून गेली.

मी त्याला जे सांगितलं ते पार्वतीवहिनीने दाराआडून ऐकलं होतं. हे मला दसऱ्याच्या दिवशी कळलं.

दसऱ्याच्या सकाळी मिस्त्रीने ओट्यावर पाट मांडला. पाने, हातोडे, छिन्न्या, सगळं धुऊन पुसून ओळीने ठेवलेलं, वर हळदकुंकू आणि झेंडू. पूजा झाली. मग त्याने खुंटी काढली आणि शेवटचा प्रयत्न म्हणून परत शेंदराच्या डब्याकडे हात नेला. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली. चाळ सगळी गॅलरीत उभी, पण कुणी थट्टा करत नव्हतं.

पार्वतीवहिनी आतून भाजी चिरायची सुरी घेऊन आली. ओट्यावर त्याच्या समोर बसली आणि त्याच्या हातातली खुंटी काढून घेतली. मला वाटलं आता हिचाही जीव जातो. तिने पदर पसरला आणि खुंटीच्या आट्यांमधला शेंदूर सुरीच्या टोकाने उकरायला लागली. वाळलेल्या लाल खपल्या पदरात पडत होत्या.

“नको,” मिस्त्री म्हणाला. तो आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. “नको गो. गळात.”

ती मान वर न करता म्हणाली, “देव पण खोळ टाकता. तुमी कधी टाकतलास?”

शेंदूर चढून चढून जड झाला की मारुती आपणहून ती खोळ टाकतो, आत मूळ मूर्ती दिसते, हे आपल्याकडे कुणालाही ठाऊक असतं. मग लोक ती खोळ वाजतगाजत नेऊन पाण्यात सोडतात. पण चाळीच्या कानांना खोळीपेक्षा तो आवाजच नवा होता. नऊ वर्षांनी बोलली होती ती बाई! मिस्त्रीने डोळ्यांवरून बाही फिरवली, तिच्या हातून खुंटी घेतली आणि पटाशीने उरलासुरला शेंदूर काढून लोखंड लख्ख केलं.

नेमका त्याच वेळी मुनीम आला. बरोबर बैलगाडी आणि काठ्या घेतलेले दोन दणकट गडी. “पूजेची वेळ झाली. गाडी बैलगाडीत चढवा,” मुनीम म्हणाला.

“पाच मिनटां,” मिस्त्री म्हणाला. तो गाडीशी गुडघे टेकून बसला होता. खुंटी भोकात बोटांनी फिरवत होता.

मुनिमाला मिस्त्रीची कीर्ती माहीत होती. तो गड्यांना ओरडला, “बघता काय? त्याचा हात चालायच्या आधी तुमचा चालवा!”

पहिली काठी पाठीवर बसली. सगळी चाळ पुढचं बघायला वाकली. मिस्त्रीच्या हातात पाना होता. साहेबाचं हाड असल्याच पान्याने मोडलं होतं, आणि माझा दात पाडणाऱ्या मुठीत हाच होता. दोन्ही गडीही एक पाऊल मागे सरले. मिस्त्रीने पाना उचलला, खुंटीवर बसवला आणि पिळायला सुरुवात केली. दुसरी काठी खांद्यावर बसली. तिसरी डोक्यात. कानामागून रक्ताचा ओघळ निघाला आणि गाडीच्या टाकीवर पडला. तो वळला नाही. पाना पाव फेरा, परत पाव फेरा. त्याचे दोन्ही हात कामात होते. मी वरून ओरडलो, “अरे मारू नका त्याला! राक्षस आहात काय!” आणि जिने उतरत खाली धावलो. मी पोचेपर्यंत पार्वतीवहिनी हातातल्या सुरीसकट त्या दोघांच्या आणि मिस्त्रीच्या मध्ये जाऊन उभी राहिली होती. पुढची काठी हवेतच थांबली.

मिस्त्री उठला. गाडीवर टांग टाकली, पायटे मारले. अंगणात अर्धा फेरा. फुस्स. फुस्स. आणि मग तोफ सुटावी तसा धडाडदिशी आवाज झाला! काळ्या धुराचा लोट मुनिमाच्या तोंडावर. दुसरा धडाका, तिसरा, आणि मग एकापाठोपाठ एक, अखंड. बैल उधळले. बैलगाडीने नळाचा कट्टा फोडला, दोन गडी काठ्या टाकून बैलांमागे पळाले, मुनीम हौदाच्या आडोशाला बसला, आमचा मुलगा भोकाड पसरून रडायला लागला आणि गॅलरीत लोक वेड्यासारखे ओरडायला लागले. मीही ओरडत होतो. दात नसलेल्या तोंडाने ओरडत होतो.

शेठने मिस्त्रीला ठेवून घेतला, हे मला नंतर बायकोच्या पत्रातून कळलं. त्याच रात्री बदलीच्या हुकमाने मला कराचीला निघावं लागलं, बायको मागे राहिली, आणि मिस्त्री शेठच्या तबेल्याजवळच राहायला गेला. मी त्याला पुन्हा पाहिला नाही. माझ्यापाशी त्याचं उरलंय ते हे दाताचं खिंडार आणि ती शेवटची सकाळ, म्हणून ते बुजवत नाही.

तो अंगणातून फाटकाकडे वळत होता. इंजिन बंद पडेल म्हणून थांबायची सोय नव्हती. पार्वतीवहिनी धावत त्याच्या बाजूने गेली आणि शेंदराच्या खपल्या बांधलेली पदराच्या तुकड्याची पुरचुंडी तिने गाडीच्या मुठीला अडकवली. “गिरगावचो समुद्र आधी,” ती त्या आवाजावरून ओरडली, “शेठ मागाहून!” त्याने मान हलवली. फाटकाशी मी उभा होतो. माझ्याजवळून जाताना त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग तीन बोटांचा हात मुठीवरून उचलून कपाळाला लावला आणि गेला. सदऱ्याची पाठ फाटलेली, रक्ताने भिजलेली, आणि हँडलला ती लाल पुरचुंडी हेलकावे खात होती. करी रोडच्या बाजूला वळेपर्यंत दिसला. आवाज त्यानंतरही बराच वेळ येत होता.

पार्वतीवहिनी माझ्या शेजारी येऊन उभी होती. तिचे हात शेंदराने लाल झाले होते, फाटलेला पदर तिने मुठीत गच्च धरला होता. आवाज अगदी ऐकू येईनासा झाला तेव्हा ती म्हणाली, “मास्तरानू, तो सांधो गळलो तर?”

मी म्हटलं, “गळू दे, वहिनी. त्यात वाफ नाही. कुणी भाजत नाही त्याने.”

ती मटकन फाटकातच खाली बसली आणि रडायला लागली.